कोजागिरीच्या चार कॅसेटी : जुन्या ध्वनिमुद्रणांचे डिजिटायझेशन करून घेण्याचा एक अनुभव

1981 सालच्या कोजागिरीला सांगलीजवळच्या आमच्या वाड्याच्या चौकात रात्रभर गाण्याची मैफल झाली होती. तिचे ध्वनिमुद्रण माझ्या वडिलांनी उसन्या आणलेल्या रेकॉर्डरवर केले होते आणि त्या चार कॅसेटी गेली चाळीसहून अधिक वर्षे बिस्किटांच्या डब्यात पडून होत्या. अधूनमधून त्या वाजवल्या गेल्या, पण 1990 नंतर कोणी त्यांना हात लावला नाही. तीन कॅसेटी नव्वद मिनिटांच्या आणि एक साठ मिनिटांची. सगळ्यांवर वडिलांच्या अक्षरात ‘कोजागिरी’ एवढेच लिहिलेले. क्रमांक नाही, रागांची नावे नाहीत. पुण्यातील एका दोन खोल्यांच्या दुकानाकडे हे काम सोपवले. त्यात काय चुकले आणि काय उत्तम झाले, हे अशाच कॅसेटी घरात असणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी यांत्रिक कामाविषयी, कारण त्यात नावे ठेवायला जागा नाही. दोन कॅसेटींच्या आतली छोटी नमद्याची गादी, जी फीत वाचकशीर्षाला दाबून धरते, ती डिंक सुकून गळून पडली होती. ती नवी बसवली. एका कॅसेटीच्या फितीला बुरशी होती. ती वाजवण्यापूर्वी हाताने, सावकाश पुसून काढली. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक कॅसेट लावल्यावर त्यांनी यंत्राच्या शीर्षाचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा कोन फितीशी जुळवून घेतला. मूळ रेकॉर्डरचे शीर्ष किंचित तिरपे असेल, तर सरळ शीर्षावर ती फीत दबक्या आवाजात वाजते, कांबळ्याआडून ऐकावी तशी. स्क्रू अर्धा वळसा फिरला आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, एकदम उघडली, तो क्षण मी दुकानात उभा राहून ऐकला आहे. कॅसेटीमागे 450 रुपये आणि दुरुस्तीचे वेगळे 150 रुपये हा दर या कामाच्या मानाने वाजवी वाटला. दोन आठवड्यांचे सहा आठवडे झाले, त्याबद्दल फार तक्रार नाही.

तक्रार पहिल्या फायलींबद्दल आहे. त्यांनी न विचारता आवाज ‘स्वच्छ’ करून दिला होता. फितीची सळसळ गेली, विजेची घरघर गेली, आणि त्यांच्याबरोबर तानपुराही अर्धा पुसला गेला. दोन रागांमधला सूर लावण्याचा वेळ, श्रोत्यांची कुजबुज, कोणाचे तरी ‘अहो, पुढे सरका’ हे सगळे रिकामी जागा समजून कापून टाकलेले. कॅसेटींचा क्रमही अंदाजाने लावलेला. मी हरकत घेतली तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “अहो, घरघर काढायची म्हणूनच तर लोक आमच्याकडे येतात.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मला गाणे ऐकायचे नव्हते, किंवा केवळ गाणे ऐकायचे नव्हते. त्या रात्री काय घडले ते मला जुळवून बघायचे होते. हे त्यांना समजावल्यावर मात्र त्यांनी चारही कॅसेटी पुन्हा लावल्या, काहीही न गाळता 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फायली करून दिल्या आणि दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. अशा फायलींना दोन वाहिन्यांत तासाला सुमारे 2 जीबी जागा लागते, तेवढी तयारी ठेवावी.

यानंतरचे काम त्यांनी ज्या आस्थेने केले, त्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. चौकात विजेचा प्लग एकच होता आणि तो ध्वनिक्षेपकाने अडवला होता, म्हणून वडिलांचा रेकॉर्डर सेलवर चालला होता, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते, आणि तीच फीत पुढे योग्य गतीने वाजवली की आवाज चढा ऐकू येतो. मालकांनी संगणकाच्या पडद्यावर मला ध्वनिक्षेपकाची घरघर दाखवली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे घरघरीची रेघ 50 वर असायला हवी. एका कॅसेटीत ती तिथेच होती, दुसरीत साडेपन्नासच्या आसपास, तिसरीत साडेएक्कावन्न आणि उरलेल्या एकीत थेट 53. कॅसेटींचा क्रम सेलांनीच लिहून ठेवला होता. त्या काळी विजेची कंपनसंख्याही वरखाली होत असे, ही शंका मी काढली, तर त्यांनी पेटीचा षड्ज (सा) मोजून दाखवला. पेटीच्या रीड विजेवर चालत नाहीत. त्याही त्याच प्रमाणात चढल्या होत्या, म्हणजे दोष फितीच्या गतीचाच. ज्या पहिल्या फायलींतून घरघर धुऊन काढली होती, त्यांतून हे कधीच हाती लागले नसते.

50 चे 53 होणे म्हणजे सहा टक्के, अर्थात जवळजवळ पूर्ण अर्धस्वर. पेटीवरच्या काळी एक या पट्टीत गाणारे बुवा, म्हणजे त्या रात्रीचे गायक, शेवटच्या कॅसेटीत तिच्या लगतच्या वरच्या पांढरी दोनमध्ये भैरवी गाताना ऐकू येतात ते यामुळे. आमचे काका चाळीस वर्षे सांगत आले आहेत की पहाटे बुवांनी पट्टी चढवली, ‘त्या वयात काय तो दम!’ काका त्या मैफलीला समोर बसलेले होते, तरी त्यांची ही आठवण मैफलीची नसून कॅसेटीची होती. गती दुरुस्त केलेली भैरवी त्यांना ऐकवली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि नंतर म्हणाले, “मग आमचे बुवा थकले होते म्हणायचे.” खरोखरच आवाजात थकवा आहे, आणि मला ती भैरवी आता अधिक जवळची वाटते.

दुसरा वाद रागाचा. आत्याच्या मते मध्यरात्री दिवे गेले तेव्हा बुवा चंद्रकंस गात होते. तिसऱ्या कॅसेटीत, कापलेला भाग परत आल्यामुळे, तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवताना स्पष्ट ऐकू येते, आणि पुढे निषाद कोमलच आहे; चंद्रकंसात तो शुद्ध असतो, म्हणजे हा मालकंस. फितीची गती बिघडली तरी स्वरांमधली अंतरे बदलत नाहीत, त्यामुळे इथे संशयाला वाव नाही. डोक्यावर पूर्ण चंद्र असताना रागाच्या नावातही तो शिरावा, यात आत्याचा काही दोष नाही.

दिवे गेल्याची जागा मी वीस वेळा ऐकली असेल. विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे, सुरू होऊन एकोणीस मिनिटे झालेली असतात. घरघर तुटते, कर्ण्यातून येणारा आवाजाचा दुसरा पदर नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ माणसाचा गळा, न थांबलेला. त्या जातीच्या रेकॉर्डरमध्ये आवाज कमी झाला की ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप वाढवण्याची सोय असे. त्यामुळे पुढच्या काही क्षणांत चौकातले बारीकसारीक आवाज वर येऊ लागतात. बांगड्या, खोकला, लांबवरचे कुत्रे, आणि पातेल्यात ओगराळे आपटल्याचा आवाज. दूध अंधारात, चांदण्यात वाटले गेले, हे काकांचे म्हणणे इथे खरे ठरते. आत्या मात्र सांगते की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती, आणि तिलाही मी खोटे पाडणार नाही, कारण ती कुजबुज यंत्राने फुगवून पकडली आहे. माणसाचा कान तसे करत नाही.

आत्याची आणखी एक आठवण होती, जी घरात कोणी फारशी मनावर घेत नसे. दिवे परत आले तेव्हा कर्णेवाला लगबगीने उठला आणि बुवांनी गाता गाता डाव्या हाताने त्याला ‘राहू दे’ अशी खूण केली, असे ती सांगे. कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला सातव्या मिनिटाला मागून दोनतीन आवाज येतात, ‘आले, आले दिवे’. त्यानंतर घरघर सुरू व्हायला हवी. ती होत नाही. मालकंस संपेपर्यंत, जवळजवळ अर्धा तास, पडद्यावर त्या जागी रेघच नाही; ती उगवते ती थेट टाळ्यांनंतर. हाताची खूण कुठल्याही फितीवर उमटणार नव्हती. ती आत्याकडेच होती.

साठ मिनिटांच्या कॅसेटीचा शेवटचा भाग मात्र कायमचा गेला आहे, कारण भैरवी ऐन रंगात असताना तिच्यावर माझ्या भाच्याने 1986 साली म्हटलेले सोळाचे पाढे सुरू होतात. याला कोणतेही दुकान काही करू शकत नाही.

वडिलांची दोन स्पूलही, म्हणजे उघड्या फितीची रिळे, डब्यात निघाली आहेत आणि ती पुढच्या महिन्यात याच दुकानात देणार आहे. या वेळी डब्यावर आधीच चिठ्ठी चिकटवली आहे : ‘घरघर काढू नये. मधले काही कापू नये.’