टँकमध्ये व्हाइट स्पॉट: मीठ, हीटर की बाटलीतलं औषध?

माशाच्या अंगावर आणि परांवर साखरेचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले, मासे खडीवर अंग घासायला लागले, की तो बहुधा व्हाइट स्पॉट. घरच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा रोग हाच. अशा वेळी दुकानदार निळी किंवा हिरवी बाटली पुढे करतो, शेजारचे काका मीठ टाकायला सांगतात आणि कुणी हीटर वाढवायला सांगतं. तिन्ही उपाय खरे आहेत. तुमच्यासाठी त्यातला कोणता, हे टँकमध्ये कोणते मासे आहेत यावर ठरतं.

आधी रोगाची चाल समजून घ्या, कारण उपचार फसतात ते इथेच. हा रोग करणारा इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी आहे. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या आत बसून खाणारा परजीवी. तिथे त्याच्यापर्यंत ना मीठ पोचत ना औषध. पोसला गेला की तो माशापासून सुटून तळाशी जातो, खडीत स्वतःभोवती कवच करतो आणि विभागत जाऊन शेकडो पिल्लं सोडतो. ही पोहणारी पिल्लं एक-दोन दिवसांत माशाला लागली नाहीत तर मरतात. मीठ आणि औषध मारतं तेही याच पिल्लांना. पाणी 25-26 अंशांवर असेल तर सगळा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो. गार पाण्यात त्यालाच कित्येक आठवडे लागतात.

म्हणून चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले तरी रोग गेला असं समजू नका. ठिपके फक्त खाली पडलेत. तिथे औषध थांबवलं की आठवड्याभरात पहिल्यापेक्षा जास्त ठिपके येतात आणि दोष औषधावर जातो. याच कारणाने एकटा ठिपक्यांचा मासा उचलून बाजूला काढणं व्यर्थ आहे. खडीत कवचं पडलेलीच असतात, उपचार सगळ्या माशांना हवा.

एक खात्री आधी करून घ्या. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे टिपके येतात. ते नीट ओळीत, ठरल्या जागीच असतात आणि मासा ठणठणीत असतो. त्याला काहीही करू नका. ठिपक्यांऐवजी टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ चमकताना दिसली, तर तो वेल्वेट नावाचा वेगळा रोग.

आता मीठ. टँकमध्ये गोल्डफिश, मॉली, गप्पी किंवा प्लॅटी असतील तर माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात मिठानेच करावी. स्वस्त आहे, घरात आहे आणि ठरल्या प्रमाणात फिल्टरमधल्या, माशांची घाण पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंना त्रास देत नाही. शिवाय परजीवीने पोखरलेल्या कातडीतून माशाच्या अंगातले क्षार पाण्यात निघून जात असतात. पाण्यात मीठ असलं की ती गळती कमी होते आणि माशाला थोडी उसंत मिळते. बाटलीतलं औषध हे काम करत नाही.

प्रमाण मात्र चमच्यांनी मोजू नका, किचनमधला वजनकाटा काढा. दोन फुटी टँक घेऊ: लांबी 60 सेंटीमीटर, रुंदी 30, पाण्याची उंची 32. तिन्हींचा गुणाकार करून 1000 ने भागलं की साडेसत्तावन्न लिटर येतात. खडी आणि दगडांची जागा वजा केली की खरं पाणी 50 लिटरच्या आसपास. लिटरला 2 ग्रॅम या हिशेबाने 100 ग्रॅम जाडं मीठ लागेल. ते बादलीभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि दीड दिवसात तीन हप्त्यांत घालायचं. खडे थेट टँकमध्ये टाकले तर तळाशी राहणाऱ्या माशाला चटका बसतो. मासे नीट असतील तर प्रमाण लिटरला 3 ग्रॅमपर्यंत नेता येतं. आयोडीनच्या मिठाची लोक फार भीती घालतात, पण इतक्या प्रमाणात आयोडीनने मासे मरत नाहीत.

मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, आणि गडबड होते ती इथे. आटलेलं पाणी भरून काढताना साधंच पाणी घाला. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ परत घाला. 3 ग्रॅमच्या टँकमधून 15 लिटर काढले तर 45 ग्रॅम. दर वेळी पूर्ण टँकचा डोस घालणाऱ्याचा टँक दोन आठवड्यांत खारट होऊन बसतो.

मीठ कुठे नको? कोरीडोरास, लोच, आयडी शार्क यांसारख्या बिनखवल्यांच्या किंवा नाजूक माशांना ते सोसत नाही. टँकमधल्या बऱ्याच वनस्पतीही मिठाने झडतात. वनस्पती भरपूर लावलेल्या टँकमध्ये मीठ टाकायच्या आधी दहादा विचार करा.

अशा टँकसाठी हीटर. पाणी 30 अंशांवर नेलं की या परजीवीच्या बहुतेक जातकुळींची वाढ खुंटते आणि फेराही भराभर उरकतो. पाण्यात काहीच मिसळावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा. दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नका, 30 वर पोचल्यावर दहा दिवस तरी टिकवा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही तीन-चार दिवस थांबा. हीटरच्या चकतीवरचा आकडा खरा मानू नका, वेगळा थर्मामीटर लावा. पाणी बदलायच्या आधी हीटरचं बटण बंद करा, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते.

याचा धोका म्हणजे ऑक्सिजन. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. कल्ल्यांत परजीवी शिरलेला मासा आधीच धापा टाकत असतो. त्यामुळे एअर स्टोन, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड, रात्रंदिवस चालू हवा. जिथे तासन्‌तास लाइट जाते तिथे चार्जिंगचा एअर पंप हाताशी नसेल तर या वाटेला जाऊच नका. गोल्डफिशलाही 30 अंश म्हणजे ताण, त्यांच्यासाठी मीठच बरं. आणि काही जातकुळी 30 लाही दाद देत नाहीत. चार-पाच दिवसांनी नवे ठिपके येतच असतील तर उपाय बदला.

हीटरची आणखी एक बाजू सांगायलाच हवी. हा रोग डोकं वर काढतो तो बहुतेकदा पाणी अचानक गार झाल्यावर. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या रात्री किंवा बेडरूममध्ये टँक असेल तर रोजचा एसी, दोन्हींनी पाणी उतरतं आणि माशाची ताकद खचते. 26 अंशांवर लावून ठेवलेला हीटर वर्षभर जे काम करतो ते कुठलीच बाटली करत नाही.

बाटलीतलं औषध मी तिसऱ्या नंबरवर ठेवते, पण वगळत नाही. ठिपके अंगभर झाले असतील, मासे खात नसतील आणि दिवस हातात नसतील, तेव्हा मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध मिठापेक्षा जोरात काम करतं. लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली घेऊ नका. कॉपर असेल तर गोगलगायी आणि झिंगे मरतील. मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं, ते वेगळ्या टबमध्येच वापरायचं. मॅलाकाइट ग्रीन टेट्रा आणि बिनखवल्यांच्या माशांना बाधतं, त्यांच्यासाठी अर्धा डोस धरतात. टँकच्या सांध्यांच्या सिलिकॉनला त्याचा डाग पडतो आणि तो निघत नाही. खाण्याच्या माशांवर त्याला बंदी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि बाटली मुलांपासून दूर ठेवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. औषध चालू असताना तापमान 30 वर नेऊ नका, दोन्हींचा भार ऑक्सिजनवर येतो.

माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकणं सर्रास चालतं. ते औषध जिवाणूंवरचं आहे, या परजीवीला त्याने काही होत नाही. फिल्टर बिघडतो एवढंच. देशी बदामाची वाळलेली पानं फायटरच्या टँकमध्ये जरूर घाला, पण व्हाइट स्पॉट त्यांनी बरा होत नाही.

टँक वनस्पतींनी भरलेला असेल आणि मासे मीठ सोसणारे असतील, तर एक चौथी वाट आहे आणि मला ती फार आवडते. सगळे मासे मोठ्या टबमध्ये काढा आणि तिथे मिठाचा उपचार करा. मासाच नाही म्हटल्यावर मूळ टँकमधली पिल्लं उपाशी मरतात. पाणी 26-27 अंशांवर ठेवून दोन आठवडे टँक रिकामा राहिला की खडीसुद्धा साफ होते. एकही मासा, अगदी काचेला चिकटलेला सकरसुद्धा, मागे राहता कामा नये. टबमधलं पाणी मात्र दिवसाआड बदलावं लागेल, आणि नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन घालूनच.

तोच टब पुढे नव्या माशांसाठी ठेवा. आपल्याकडे दुकानात येणारे पुष्कळ मासे चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या पैदाशीच्या ठिकाणांहून पिशव्यांतून प्रवास करत, दोन-तीन व्यापाऱ्यांची पाणी बघत येतात. परजीवी कल्ल्यांत बसलेला असेल तर घेताना मासा स्वच्छच दिसतो. 20 लिटरचा टब, मुख्य टँकमध्ये महिनाभर चालवून मुरलेला स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी, एवढ्यावर नवा मासा तीन-चार आठवडे बाजूला ठेवता येतो. औषध किंवा हीटर यांपैकी एकालाच पैसे असतील तर हीटर घ्या. हीटर किंवा टब असा प्रश्न असेल आणि तुम्ही दर महिन्याला नवा मासा आणत असाल, तर टब आधी. दुकानातल्या पिशवीतलं पाणी कुठल्याच टँकमध्ये ओतू नका, मासा जाळीने उचला आणि ते पाणी मोरीत सोडा.