कामगार विम्याचा कागद होता, विमा नव्हता

सोलापुरात यंत्रमाग, टॉवेल, चादर, गारमेंट यांपैकी काहीही चालवत असाल आणि कामगारांच्या विम्याची पॉलिसी एजंटनं मोबाईलवर पाठवलेली असेल, तर हे वाचून झाल्यावर ती उघडून बघा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. कामगार नऊ. दहा झाले की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतो आणि 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्याची अपघाताची भरपाई तिथून मिळते. दहापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात मागावर कुणाला इजा झाली, तर तेव्हाच्या 1923च्या कर्मचारी भरपाई कायद्यानं ती मालकानंच द्यायची. मालकाची काही चूक होती का, हे तिथे सहसा विचारत नाहीत. काम करताना इजा झाली, एवढं पुरे.

हे सगळं मला आमच्या विमा एजंटनंच समजावलं होतं, आणि बरोबर समजावलं होतं. माणूस माहीतगार. "अण्णा, नऊच्या नऊ माग-कामगार घालतो, दवाखान्याच्या खर्चासकट," म्हणाला. 13,068 रुपये घेतले, तेही "कंपनीचं पोर्टल बंद आहे, माझ्या नंबरवर टाका" म्हणून. संध्याकाळी पॉलिसी व्हॉट्सअपवर हजर.

पुढे रात्रपाळीत आमच्या एका मागवाल्याची उजव्या हाताची दोन बोटं गिअरमध्ये गेली. वय 35, पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीत, महिन्याला साधारण 14 हजार सुटायचे. कायद्यातला हिशोब असा: पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,400, गुणिले 35 वयाचा गुणक 197.06, म्हणजे 16 लाख 55 हजार. एका हाताची दोन बोटं गेली की परिशिष्टात 20 टक्के धरलेत. भरपाई झाली 3 लाख 31 हजार. दवाखान्याचं बिल वेगळं, तेही मालकाकडेच. पगार 15 हजारांपेक्षा जास्त असला तरी हिशोबाला महिना 15 हजारच धरायचे; ही मर्यादा 2020 पासूनची.

मी पॉलिसीची प्रिंट घेऊन विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पॉलिसी खरी होती, पण दोन माणसांची, आणि काम म्हणून लिहिलेलं 'कार्यालयीन कर्मचारी'. प्रीमियम 2,600, जीएसटी 468, एकूण 3,068. माझ्या प्रिंटवर प्रीमियम 12,600 आणि एकूण 13,068. पठ्ठ्यानं दोन्हीकडे फक्त एक आकडा पुढे चिकटवला होता आणि कामगारांच्या रकान्यात 2 चे 9 केले होते. जीएसटीला मात्र हात लावला नव्हता. 12,600 वर 18 टक्के म्हणजे 2,268 होतात, तिथे 468 तसेच बसलेले! बेरीज जुळत होती, टक्का जुळत नव्हता.

कंपनीनं हात वर केले. राग आला, पण त्यांचंही खरं आहे: विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, आणि मागवाल्यांचा एक रुपयाही तिकडे पोचला नव्हता.

एजंटला फोन केला तर त्यानं वर सल्ला दिला. "अण्णा, पन्नास हजार हातावर ठेवा, स्टॅम्प पेपरवर अंगठा घ्या, मिटवून टाका." हा सल्ला सोलापुरात बरेच जण देतात, म्हणून सांगतो. कामगाराचा हक्क सोडून देणारा असा करार त्या भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दच ठरतो. दिलेले पन्नास हजार जातात आणि दावा उभाच राहतो. रक्कम ठरली तरी तो समझोता कामगार भरपाईच्या आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. आपल्याकडे ते काम कामगार न्यायालय बघतं. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. दंड कुठलीही पॉलिसी सहसा भरत नाही. आम्ही घरचं सोनं ठेवून मुदतीत पैसे भरले.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. आमचं प्रकरण त्याआधीचं. पण संहितेतही अपघाताची जबाबदारी मालकावरच आहे, तेव्हा कुणी "आता नवा कायदा आला, विमा नको" म्हणालं तर ऐकू नका.

आता पॉलिसी घेताना मी शाखेतच बसतो. पैसे कंपनीच्या नावावर. माणसं किती, काम काय आणि वर्षाचा एकूण पगार किती लिहिला, हे तिथल्या तिथे वाचतो, कारण प्रीमियम वाचवायला पगार कमी दाखवला की भरपाईही त्याच मापानं कापतात. दवाखान्याचा खर्च बहुतेक ठिकाणी जादा प्रीमियम भरूनच मिळतो, तो लिहिलाय का बघतो. वार्पिंगला, म्हणजे ताणा भरायला, ठेकेदाराची पोरं येतात, त्यांचीही जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून तीही घालून घेतली.

पोलिसांत तक्रार दिली आहे, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही टाकली आहे. फोननं करायची असेल तर 155255. आमच्या ओळीतल्या दोन कारखानदारांकडेही त्याच माणसाचे कागद होते. एकाचा शाखेत तपासला, तर तो पॉलिसी नंबर कुणाच्या तरी मोटारसायकलचा निघाला. दुसरे अजून "माझा चांगला ओळखीचा आहे" म्हणतायत.