जपानमधल्या कानाझावातल्या जुन्या घरात अख्खा हिवाळा: खोली उत्तम, पण हीटरचं भाडं आधी विचारून घ्या

खोल्या किती, बाथरूम सामायिक आहे की वेगळं, स्टेशनपासून बसला किती वेळ लागतो, ही सगळी माहिती बुकिंगच्या पानावर आहे. ती मी परत लिहीत नाही. त्या पानावर जे कुठेच नव्हतं त्याबद्दल लिहिते, म्हणजे रॉकेलच्या हीटरबद्दल.

नवरा संशोधनासाठी विद्यापीठात आणि माझं काम पुण्यातल्या कंपनीचं, लॅपटॉपवर. कॅम्पसवर कुटुंबासाठी घर मिळायला वेळ होता, म्हणून नोव्हेंबर अखेरीपासून हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या वस्तीच्या मागच्या गल्लीतलं हे छोटं लाकडी गेस्टहाऊस महिन्याच्या दराने घेतलं. दर चांगला होता. शहराचा मुक्काम-करसुद्धा लागला नाही, कारण ऑक्टोबर २०२४ पासून माणशी रात्रीला ५००० येनच्या आतल्या खोलीला तो माफ आहे. एवढं सगळं बघून हिशेब केला आणि पहिल्या महिन्याच्या बिलात वेगळी ओळ आली: हीटर, रोज ३०० येन. महिन्याचे ९००० येन, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास रुपये! खोली घेताना याचा कुठे उल्लेख नाही, करारात नाही, फोटोत तर हीटर ऐटीत बसलेला. माझा संताप झाला.

आता हा हीटर काय असतो ते सांगते, कारण उन्हाळ्यात जपान फिरून आलेल्यांनी तो पाहिलेला नसतो. इथल्या जुन्या घरांत सगळं घर गरम करायची सोय नसते. ज्या खोलीत माणूस बसला आहे तेवढीच खोली तापवायची. भिंती मातीच्या, खिडक्यांना एकेरी काच, जिना आणि संडास बर्फासारखे गार. (संडासाची बैठक मात्र गरम असते, आणि जानेवारीत त्याचं मोल कळतं.) रॉकेल म्हटलं की आपल्याला रेशनची रांग आठवते. इथे ते पेट्रोल पंपावर मिळतं, १८ लिटरच्या कॅनमध्ये. तो कॅन दारातल्या बूट काढायच्या जागेत ठेवलेला असतो. तिथून छोट्या पंपाने हीटरच्या टाकीत भरायचं. हीटर आतल्या पंख्याने गरम हवा सोडतो, त्यामुळे वीजही लागते. आणि तीन तास झाले की तो सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. त्याआधी एक धून वाजते. तेव्हा बटण दाबलं तर पुढचे तीन तास, नाहीतर पाऊण तासात खोलीत नाक गार पडायला लागतं.

शिवाय धूर खोलीतच सुटतो, म्हणून तासाला एक-दोन वेळा खिडकी उघडायची. म्हणजे आपणच पैसे देऊन तापवलेली हवा आपणच बाहेर घालवायची. आणि पाणी! एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाण्याची वाफ होते. ती सगळी रात्री काचेवर जमते. सकाळी खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी साचलेलं असायचं आणि पडद्याची कड ओली. माझं माहेर चिपळूणचं, जुलैत कपाटातल्या साड्यांना जसा वास येतो तसा इथे भर हिवाळ्यात फुतोनच्या, म्हणजे जमिनीवर पसरायच्या गादीच्या, खालच्या बाजूला यायला लागला. उपाय एकच: रोज सकाळी फुतोन उचलून घडी करायचा, खाली लाकडी जाळी टाकायची आणि काच रबराच्या पट्टीने पुसायची. हे मालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं, पण ३०० येन घेताहेत म्हटल्यावर काच पुसायला मीच का, असं मला वाटत राहिलं.

इथपर्यंतचं मी जानेवारीच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं आणि तीन तारे देऊन टाकणार होते. आता मार्च संपत आला आहे आणि मत बदललं आहे.

जानेवारीच्या अखेरीस सलग बर्फ पडला. आधी गडगडाट झाला. इथे हिवाळ्यातच विजा जास्त, वर्षात सरासरी ४० हून अधिक दिवस गडगडतं आणि जपानी शहरांत याबाबतीत कानाझावाचा नंबर अगदी वरचा. बुरी मासा हिवाळ्यात इथल्या समुद्रात येतो, म्हणून या गडगडाटाला बुरीला उठवणारा म्हणतात. रस्त्यातल्या नळ्यांमधून बर्फ वितळवायला जमिनीतल्या पाण्याचे फवारे सुरू होते, बस अडकत होत्या, नवरा डोंगरावरच्या कॅम्पसवर. संध्याकाळी हीटर पेटला, दोन-तीन सेकंदांत विझला आणि हीटरच्या स्क्रीनवर एररचा आकडा आला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी मालकीणबाईंना मेसेज टाकला. त्या सत्तरीच्या आहेत, पुढच्या गल्लीत राहतात. पंधरा मिनिटांत गमबूट घालून, हातात स्वतःच्या घरातला गोल स्टोव्ह घेऊन दारात हजर. त्याला वीज लागत नाही, पंखा नाही, वर किटली ठेवता येते. पेटवून दिला, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगितली, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म तपासला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पुढची जाळी काढली आणि मला बोलावून दाखवलं. ज्योतीच्या तोंडाशी काडीपेटीच्या काडीएवढी धातूची सळई असते. ज्योत आहे की नाही हे हीटरला तिच्यामुळे कळतं, कारण ज्योतीतून अगदी बारीक वीज वाहते. त्या सळईवर पिठीसारखा पांढरा थर बसला होता. केसांच्या स्प्रेमध्ये आणि सीरममध्ये सिलिकॉन असतं. ते हवेतून हीटरमध्ये जातं, जळतं आणि त्याचा असा थर बसतो. मग ज्योत पेटलेली असूनही हीटरला ती दिसत नाही आणि तो बंद होतो. बारीक सँडपेपरने हलकेच घासलं, झालं काम. आरशाशेजारी ‘इथे हेअर स्प्रे मारू नका’ अशी चिठ्ठी का लावली आहे ते मला तेव्हा उमगलं. ती मोठ्या अक्षरांत, कारणासकट लावली पाहिजे. माझ्या आधीच्या पाहुण्यांनी ती बहुतेक वाचलीच नाही.

मालकीणबाईंनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. वर हीटर बंद होता तेवढ्या दिवसांचे ३०० येन बिलातून न सांगता वजा केले.

मग मी शांतपणे गणित मांडलं. हा हीटर पूर्ण जोरावर तासाला साधारण ०.३ लिटर रॉकेल खातो, खोली तापली की बराच कमी. रॉकेल लिटरला १२० येनच्या आसपास. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे माझं ऑफिस इथल्या दुपारी सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालतं. म्हणजे सरासरी तासाला ०.२ लिटर धरलं तर आठ-नऊ तासांचं रॉकेलच २०० येनच्या आसपास जातं. त्यात वीज, कॅन पंपावरून आणणं आणि दुरुस्ती. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांना ३०० येन परवडतात. जे सकाळी बाहेर पडून रात्री झोपायला येणार त्यांना ते महाग आहेत. त्यांच्यासाठी अर्धा दर ठेवायला हवा आणि दोन्ही दर बुकिंगच्या पानावर लिहायला हवेत. हा माझा आक्षेप अजून कायम आहे.

बाकी तक्रारीला जागा नाही. दहानंतर आवाज नको हा नियम कडक आहे, भिंती पातळ आहेत, पण माझ्या मीटिंगसाठी त्यांनी दाराजवळची रिकामी खोली उघडून दिली. स्वयंपाकघरात दोनच शेगड्या. फोडणीला कोणी नाक मुरडलं नाही, पंखा मात्र आधी लावायचा. ओमिचो बाजारात कागा भागातली कमळकाकडी मिळते. ती इतकी पिठूळ असते की किसून थालीपिठात घातली तर बांधायला वेगळं पीठ फारसं लागत नाही. कचऱ्याला शहराच्याच विकतच्या पिशव्या लागतात, २०१८ पासूनचा नियम, पण त्या इथे भाड्यात धरल्या आहेत.

आणि गल्ली! दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून एदोकाळातले (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले) अरुंद, मध्येच काटकोनात वळणारे रस्ते तसेच राहिले. हिगाशी चायाच्या मुख्य रस्त्यावर दिवसभर पर्यटकांची झुंबड असते, पण पाच वाजले की दुकानं मिटतात आणि मागच्या भागात फक्त राहणारी माणसं उरतात. आसानो नदी चार मिनिटांवर. सकाळी बर्फ पडलेला असला की प्रत्येक जण आपल्या दारासमोरचा ओढतो, आणि शेजारच्या आजोबांनी आमच्या दारासमोरचाही ओढून ठेवलेला मी अनेकदा पाहिला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा ओढायचे. यातूनच ओळख झाली.

चार तारे. एप्रिल ते ऑक्टोबर येणार असाल तर बेधडक घ्या. हिवाळ्यात येणार असाल तर बुकिंगआधी तीन गोष्टी लेखी विचारा: हीटरचं भाडं वेगळं आहे का, रॉकेल त्यात धरलं आहे का, आणि वरच्या मजल्यावरची पूर्वेची खोली रिकामी आहे का. तिच्या काचा सकाळच्या उन्हाने लवकर वाळतात.