बिल्ला की चिप?

कुत्र्या-मांजराच्या गळ्यातल्या, मालकाचा फोन नंबर कोरलेल्या बिल्ल्याची जमेची बाजू मोठी आहे: तो कुणालाही वाचता येतो. हरवलेलं कुत्रं ज्याला सापडलं तो तिथल्या तिथे फोन लावतो. ओळखीसाठी कातडीखाली टोचतात त्या चिपचं तसं नाही. तिच्यात फोन नंबर नसतोच, असतो फक्त १५ अंकी क्रमांक. तो वाचायला स्कॅनर लागतो आणि चिपच्या नोंदणीत मालकाच्या नावासह सापडला तरच त्याच्यापर्यंत पोचता येतं. चिप बसवली की प्राणी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं, हा समज तर चुकीचाच. तिच्यात बॅटरीही नसते.

इथवर बिल्लाच बरा वाटतो. माझं मत फिरलं ते त्याच्या कडीमुळे. तारेची दुपदरी कडी ओढाताणीत हळूहळू फाकते, एक दिवस बिल्ला निसटतो, आणि पट्टा जागेवर असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मांजराचं आणखी अवघड. फांदीत अडकून फास बसू नये म्हणून त्याला झटका बसताच सुटणारा पट्टा घालावा लागतो. म्हणजे मांजर अडचणीत सापडतं नेमकी तेव्हाच ओळख गळून पडते. कोरलेले आकडेही झिजतात; ३ की ८, हे कळेनासं होतं.

चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड काचेची नळी. जाडसर सुईने ती बहुधा दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही. टोचण्याआधी प्राणी स्कॅन करून घ्या, आधीची चिप निघू शकते. पाकिटातली चिपही वाचून स्टिकरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. सुई काढल्यावर पुन्हा स्कॅन हवंच, कारण कधी कधी चिप सुईबरोबर परत येते आणि केसांत अडकून राहते. चिप १३४.२ किलोहर्ट्झ वारंवारतेवर वाचली जाणारी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांची असावी. जुनी १२५ किलोहर्ट्झची प्रत्येक स्कॅनरला वाचता येतेच असं नाही. युरोपात न्यायचं असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. उलट झालं तर ती लस तिथे धरत नाहीत.

क्वचित चिप सरकून खांद्याकडे किंवा छातीकडे उतरते. म्हणून स्कॅनर अंगालगत, सावकाश, मानेपासून पुढच्या पायांपर्यंत फिरवावा लागतो. घाईत नुसती मान तपासली तर चिप असूनही ‘नाही’ असं उत्तर मिळतं.

चिपची खरी दुखरी जागा म्हणजे नोंदणी. मालकाचा नंबर बदलला आणि नोंद जुनीच राहिली तर क्रमांक वाचूनही उपयोग होत नाही. पण ती नोंद दुरुस्त करणं आपल्या हातात आहे, कडी कधी फाकेल ते नाही. जमत असेल तर दोन्ही ठेवा. एकच निवडायचं झालं, त्यातही मांजरासाठी, तर मी चिपकडे झुकेन. मात्र टोचली त्याच दिवशी नोंदणी पूर्ण करा, आणि दरवर्षी लसीला नेताना डॉक्टरांना एकदा स्कॅनर फिरवायला सांगा.