हिरवा ठिपका दाखवून विकलेला ‘सेंद्रिय’ किराणा

सगळा किराणा एकदम सेंद्रिय घेणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणून एकेक जिन्नस बदलत गेलो. आधी रिफाइंड सोडून घाण्याचं तेल आणलं. त्याचा खर्च वाढला तसं फरसाण, बिस्किटं बंद केली. मग गूळ बदलला. हळद आणि तूरडाळ राहिली होती.

तेवढ्यात आठवडी बाजारात एक जण टेम्पो घेऊन यायला लागला. तीन महिन्यांचे २४०० रुपये आधी भरा, दर महिन्याला हळद, तिखट, डाळ, गूळ घरपोच. बचत गटातल्या बायांनी माल सेंद्रिय असल्याचा पुरावा विचारला, तर त्याने पाकिटावरच्या चौकोनातल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा सरकारी शिक्का आहे, ताई.” तो ठिपका फक्त शाकाहारी पदार्थाचा असतो. बिस्किटाच्या पुड्यावरही असतो!

पहिल्या महिन्याचा माल खरंच चांगला आला. त्याच भरवशावर आणखी घरांनी पैसे भरले. दुसऱ्या महिन्यात डाळ हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या, “पाय बरं, तेल चोपडल्यावानी चमकते!” पॉलिश केलेली बाजारातलीच डाळ होती ती. हळदीच्या पाकिटावर ‘वायगाव’ छापलेलं. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आमच्याच वर्धा जिल्ह्यातली. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकली. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं. हे पाणी गडद पिवळंच राहिलं. तिसऱ्या महिन्यात टेम्पोही नाही, फोनही बंद. ज्या बायांनी मजुरीतून पैसे बाजूला काढले होते, त्यांचं फार वाईट वाटतं.

पाकीटबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह बघा. एफएसएसएआय म्हणजे केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था, तिचा १४ अंकी परवाना क्रमांकही असतो. तो क्रमांक फॉसकॉस या तिच्याच परवान्यांच्या साइटवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. स्वतःचा माल थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण त्याचं वावर आपण जाऊन पाहू शकतो. आम्ही आता हळद तशीच घेतो, माल हातात आल्यावर पैसे देऊन.

तुमचे पैसे असे अडकले असतील तर पावती, फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आणि रिकामं पाकीट फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, भेसळीसाठी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जा. शेजारच्या तालुक्यातल्या बाजारात अशीच आगाऊ पैशांची योजना सुरू झाल्याचं ऐकतो आहोत.