कुत्र्याला सुट्टीच्या दिवशी कुठे न्यावं: टेकडीचं रान की धरणाचा काठ?

सोसायटीच्या आवारात चार चकरा मारून कुत्र्याचं भागत नाही, हे ज्यांना कळून चुकलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. हार्नेस, लांब पट्टा, लसी, घडीची पाण्याची वाटी हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. पुण्यात राहणाऱ्याला प्रश्न उरतो तो एवढाच, की रविवारी सकाळी गाडी कुठे वळवायची. वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजकडची डोंगररांग अशा रानात, की खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी यांपैकी एखाद्या धरणाच्या काठाला? मी बरीच वर्षं दोन्हीकडे जातोय. आमची खारी देशी आणि लॅब्रॅडॉर यांची मिसळ आहे. पळायचा दम देशी, पाण्याचं वेड आणि खादाडपणा लॅब्रॅडॉरचा. पुढचं सगळं याच कुत्रीच्या अनुभवावर बेतलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. रान म्हणजे इथे शहरालगतच्या टेकड्या आणि गावांची गायरानं. भीमाशंकर, ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत, तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही. गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो आणि त्याचं बरोबरही असतं. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मुळात कुत्र्यांचा रोग.

काठाची बाजू पहिल्या नजरेत भारी पडते. चढ नाही, वारा असतो, आणि पाणी पाठीवरून वाहायला लागत नाही. पोहण्यासारखा व्यायाम कुत्र्याला दुसरा नाही. वयस्कर, गुडघे धरलेल्या कुत्र्याला तर तो औषधच आहे. दिवाळीनंतर पवन्याला पाणी काठोकाठ असतं, समोर तुंग आणि तिकोना, आणि खारी डोकं तेवढं वर ठेवून पोहत असते, तेव्हा टेकडीची आठवणसुद्धा येत नाही. पाण्याच्या कडेला साप दिसलाच तर तो बहुधा विरोळा असतो, बिनविषारी. टेकडीवरच्या गवतात गाठ पडायची ती घोणसाशी.

पण धरणाचा काठ हा एका जागी राहत नाही. पाणी जसं ओसरत जातं तसा गाळ उघडा पडतो आणि वरून तो वाळल्यासारखा दिसतो. कुत्रा त्यावरून धावत गेला की कोपरापर्यंत रुततो, मग त्याला काढायला तुम्ही जाता आणि तुम्हीही रुतता. जिथे गाळ थोडा आवळलाय तिथे शेतकऱ्यांनी गाळपेर केलेली असते, गहू नाहीतर हरभरा. मोकळं कुत्रं त्यात शिरलं तर शेतकरी ओरडणारच, आणि त्याला उलटून बोलायला आपल्याला तोंड नसतं. मुळशीला सलग काठ मिळणं कठीण, मधेमधे रिसॉर्टची कुंपणं आडवी येतात. खडकवासल्याचं पाणी बहुतेक पुणं पितं, तिथे कुत्रा पोहायला सोडणं मला तरी पटत नाही. राहता राहिले पवना आणि पानशेत.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती. शनिवारी रात्री पवन्याच्या काठाला तंबू लागतात. गाणी, शेकोटी, शेगडीवर चिकन. रविवारी सकाळी तंबू उठतात, बऱ्याच ठिकाणी कचराही उचलला जातो. पण हाडं कोण उचलतं? अंधारात गवतात टाकलेलं हाड सकाळी माणसाला दिसत नाही. कुत्र्याला ते वीस पावलांवरून कळतं. खारीची चाल बदलते. शेपूट थांबते, मान खाली जाते, ती सरळ न जाता थोडी तिरकी सरकते, जणू तिला तिकडे जायचंच नाहीये. मग तोंड गवतात, आणि कुडकुड असा आवाज. मी धावलो तर ती चावायचीही थांबते आणि सगळंच्या सगळं गिळून टाकते, कारण हातातलं जाणार हे तिला ठाऊक असतं. न धावता गेलो तर जबड्याच्या मागच्या बाजूने बोट घालून, लाळेने बुळबुळीत झालेलं तंगडीचं हाड ओढून काढावं लागतं. तोवर त्याचा अर्धा चुरा झालेला असतो. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावल्यावर त्याच्या टोकदार काड्या होतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. कुठलाही पशुवैद्य हे सांगेल. ‘सोड’ हा हुकूम तिला घरी पक्का येतो. पनीरचा तुकडा बदल्यात द्यायचा ही युक्तीही घरी चालते. मसाला लावलेल्या तंगडीपुढे पनीरला कोण विचारतो!

याला उपाय आहे, जाळीची मुसकी. चांगल्या मुसकीत कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, फक्त जमिनीवरचं उचलू शकत नाही. आम्ही ती आणली, हळूहळू सवय लावली, तिने फारसा त्रागाही केला नाही. पण मुसकी घालून कुत्र्याला पोहायला सोडायचं नसतं. तोंड पुरतं उघडत नाही, जाळीत पाणी साठतं, ती कशात अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणजे ज्या एका सुखासाठी काठाला जायचं ते मिळवायला मुसकी काढायची, आणि मुसकी काढली की पाण्यातून बाहेर येणारी ओली कुत्री अंग झटकायच्या आधी हाडाकडे पळते. पाण्याबाहेर मुसकी, पाण्यात नाही, अशी काढघाल दर दहा मिनिटांनी करून पाहा. त्यातून मुसकीतला कुत्रा दिसला की आया मुलांना उचलून घेतात, ते वेगळंच. तिथे मासेमारीचे तुटलेले नायलॉनचे दोर आणि क्वचित गळही पडलेले असतात, फुटक्या बाटल्या असतात. पण त्या सगळ्यावर तोड निघते. हाडांवर मला निघाली नाही. तुंग, तिकोना, पाणी, वारा सगळं असतं, आणि मी सकाळभर बघत असतो ते फक्त खारीचं तोंड.

टेकडीवर हा प्रकार फार कमी. कारण साधं आहे, माणसं खायला बसतात ती पाण्यापाशी. वेताळ टेकडी हा पुणे शहरातला सगळ्यांत उंच भाग, साधारण ८०० मीटर. तिथे लोक चढायला येतात, घाम पुसतात आणि खाली जाऊन खातात. पायवाटेवर फार तर बिस्किटाचा कागद मिळतो. त्यामुळे पट्टा सैल सोडून मला मान वर करून चालता येतं. खारीलाही तिथे जास्त काम असतं. मोर रात्री कुठे बसला, ससा कुठून गेला, पुढे कुठलं कुत्रं येऊन गेलंय, हे सगळं नाकाने वाचत ती चालते आणि तासाभरात अशी दमते की घरी आल्यावर ताट पुढे ठेवलं तरी आधी झोपते. पोहून आली की मात्र दुपारी परत चप्पल पळवायला तयार. हे मोजून सांगता येणार नाही, पण आमच्याकडे तरी नेहमी असंच होतं.

टेकडीचे दोष झाकायचे नाहीत. उन्हाळ्यात सावली नाही. गिरिपुष्पाची लावलेली झाडं नेमकी उन्हं चढायच्या वेळी पानं टाकून उभी असतात. कातळ तापतो, तळवे भाजतात, म्हणून मार्चनंतर साडेआठच्या आत खाली. पाणी तुम्हालाच वाहायचं, आणि ते ओझं जाणवतं. लांब पट्टा करवंदीच्या जाळीत आणि घाणेरीत अडकत राहतो. दोन मीटरचा पुरे. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, आपापल्या हद्दी धरून बसलेल्या, त्यांना वळसा घालायची तयारी ठेवा.

खरी कटकट म्हणजे कुसळं. पावसाळ्यात जे गवत मऊ हिरवं असतं, त्यातली कुसळी दसऱ्याच्या सुमाराला पिकते, आणि तिथून संक्रांतीपर्यंत टेकडी कुत्र्याला नकोशी होते. कुसळ हाताच्या तळव्यावर घेऊन नीट बघा. टोक अणकुचीदार, टोकामागे उलटे वळलेले बारीक केस, आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्या हवेत परत बसतो, आणि या फिरण्यात टोक आत आत जातं. केसांमुळे मागे येतच नाही. ते बोटांच्या बेचक्यात शिरलं की कुत्रा लंगडतो, कानात शिरलं की डोकं एका बाजूला कलतं करून झटकत राहतो, आणि कानातलं काढायला डॉक्टरच लागतो. त्या दिवसांत मी जुन्या टी-शर्टची बाही कापून खारीच्या डोक्यावरून कानांवर चढवतो. ‘हिला गालगुंड झालंय का हो?’ असं टेकडीवरचे आजोबा दर वेळी विचारतात. खाली आलो की डिकीच्या कडेवर तिला बसवायचं, एकेक पंजा फाकवून बघायचं, काखा, पोटाखाली, शेपटीखाली बोटं फिरवायची. हे कंटाळवाणं आहे. पण ही कटकट ठरलेल्या महिन्यांत येते, ठरलेल्या जागी सापडते आणि चिमट्याने निघते. गवत कापलं गेलं, तुडवलं गेलं की संपतेही. हाडांना महिना नाही.

रान म्हटलं की लोक गोचिडांना घाबरतात, तेही थोडं तपासून घ्यायला हवं. आपल्याकडे कुत्र्यांना जो गोचीडताप येतो, एर्लिकिया, ज्यात प्लेटलेट उतरतात आणि कधी नाकातून रक्त येतं, तो पसरवणारा तपकिरी गोचीड घराच्या, पार्किंगच्या भिंतींच्या फटीत मजेत राहतो. तो मिळायला टेकडीच चढायला लागते असं नाही. गुरं चरतात तिथे दुसरे गोचीड असतातच, आणि गुरं धरणाच्या काठालाही चरतात. महिन्याची किंवा बारा आठवड्यांची गोळी डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, घरी आल्यावर तरीही अंग चाचपा. मात्र दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीकडचे असाल तर माझं गणित तिथे लावू नका. तिथल्या रानात गोचिडांतून माणसांना माकडताप होतो.

बिबट्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा उजाडल्याशिवाय निघू नये, दिवेलागणीच्या आत परतावं, कुत्रा पट्ट्यावर असावा. पण याने पारडं इकडे-तिकडे होत नाही. बिबट्यालाही पाणी लागतं, आणि धरणांच्या मागचे डोंगर वेताळ टेकडीपेक्षा त्याच्या जास्त ओळखीचे.

तरीही काठ कुणाला बरा पडेल ते सांगतो. कुत्रा म्हातारा असेल, वजन वाढलेलं असेल, चढाने धाप लागत असेल तर काठच. तुमचा कुत्रा खाली पडलेल्या अन्नाला तोंड लावत नसेल (असे असतात म्हणे, मी एक-दोन पाहिलेत) तर माझा मुख्य मुद्दाच तुम्हाला लागू नाही, खुशाल पवन्याला जा. लांब केसांचा, लोंबत्या कानांचा, कॉकर स्पॅनियल वगैरे असेल तर दसरा ते संक्रांत टेकडी टाळून काठ धरा. बाहीच्या टोपीने त्याचं भागणार नाही. जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, तंबूंच्या पट्ट्यापासून लांब, आणि गाडी लावतानाच गावातल्या कुणालातरी विचारून घ्या की गाळपेर कुठवर आहे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी घेतलेली हवी, कारण साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत मिसळलेलं असतं आणि तो रोग माणसालाही होतो.

पावसाळ्यात मात्र निवड करत बसू नका. धरणं भरत आली की विसर्ग सुरू होतो, खालच्या अंगाला नदीचं पाणी बघता बघता चढतं, आणि वर काठाला धरायला कोरडी जमीन उरत नाही. जुलै ते सप्टेंबर टेकडीवर गवत मऊ असतं, कुसळ नसतं, ऊन नसतं, तिथल्या जुन्या दगडखाणीत पाणी असतं आणि रविवारीही निम्मे लोक घरी भजी खात बसलेले असतात. आम्ही त्या दिवसांत दुसरीकडे जातच नाही.