सदनिका उत्तम, सोसायटी उशिरा : कळंबा परिसरातील एका गृहसंकुलाविषयी

कोल्हापुरात ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला पेठेचे किंवा तालमीचे नाव हेच उत्तर असते. साने गुरुजी वसाहतीच्या पुढे असलेल्या आमच्या संकुलातही, राहायला येऊन बरीच वर्षे झालेली मंडळी स्वतःला मंगळवार पेठेचीच म्हणवतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना असला की पार्किंगमध्ये उघड दोन तट पडतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात मात्र ‘एकच कुटुंब’ असे ठळक अक्षरांत छापले होते, म्हणून बांधकामाबरोबर या आश्वासनाचीही दखल घेणे मला आवश्यक वाटते.

बांधकामाबद्दल फारशी तक्रार नाही. खोल्या हवेशीर आहेत, लिफ्ट सहसा बंद पडत नाही. पश्चिमेकडील भिंतींना पावसाळ्यात ओल येते, एवढेच.

शेजार जमला तो जुलै २०२१ च्या महापुरात. आमचा भाग उंचावर असल्याने पंचगंगेचे पाणी येथवर आले नाही, परंतु उपसा केंद्रे बंद पडल्याने नळ कोरडे झाले आणि संकुलाला टँकरवर अवलंबून राहावे लागले. पहिल्या टँकरला ए आणि बी विंगमध्ये जोरदार भांडण झाले. त्यानंतर वॉचमनच्या केबिनमधील शाळकरी वहीत सदनिकेचा क्रमांक, घरातील माणसे आणि दिलेल्या घागरी अशा तीन रकान्यांत नोंद सुरू झाली, आणि ज्यांना जिना चढवत नव्हता त्यांच्या दारापर्यंत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाणी पोहोचवले. ही वही सांभाळणाऱ्यांनीच पुढे सोसायटीच्या नोंदणीचा पाठपुरावा केला. वस्तुतः बहुसंख्य सदनिकांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था स्थापन करून देणे ही २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, कायद्यानुसार बिल्डरची जबाबदारी आहे. आमच्याकडे ते काम रहिवाशांना हेलपाटे घालून करून घ्यावे लागले.

क्लब हाऊसची किल्ली अजूनही बिल्डरच्या कार्यालयात असते. खिडकीतून पाहिले तर ट्रेडमिलवरचे प्लॅस्टिकही निघालेले दिसत नाही, आणि देखभाल खर्चात त्याचा आकार मात्र नियमित लागतो. गणपती त्यामुळे पार्किंगमध्ये बसतो, तिथे गर्दीही चांगली होते. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे : पाणी वाहणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना उत्सवाच्या बैठकीला बोलावले जात नाही, वर्गणी मात्र त्यांच्याकडून न चुकता घेतली जाते. यात बिल्डरचा काही दोष नाही, तो आम्हा सदनिकाधारकांचा आहे.

राहण्यासाठी हे संकुल मी निश्चित सुचवेन. मात्र येथील सदनिका घेण्यापूर्वी जमिनीच्या अभिहस्तांतरणाची, म्हणजे तिची मालकी सोसायटीच्या नावावर होण्याची, सद्यःस्थिती सोसायटीच्या सचिवांकडून लेखी घ्यावी, कारण ते अद्याप झालेले नाही.